खड्डा आहे, वायर आहे. कंटिन्युइटी आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर पावसाळ्यात आपल्या आतल्या पानावर तीच बातमी येते, फक्त गाव बदलतं. कधी पत्र्याच्या शेडमध्ये करंट उतरतो, कधी कपडे वाळत घालायच्या तारेत, कधी पाण्याच्या मोटरीत. एक जण चिकटतो, दुसरा सोडवायला जातो आणि तोही जातो. बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं : ‘अर्थिंग नसल्यामुळे दुर्घटना घडल्याचा प्राथमिक अंदाज.’ मी आयटीआयमध्ये तारतंत्री, म्हणजे वायरमन व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो; आता निवृत्त होऊन सांगलीत असतो. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. मी आजवर जी घरं, दुकानं, शाळा तपासल्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अर्थिंग, म्हणजे बिघडलेल्या वस्तूच्या धातूवर उतरलेला करंट जमिनीत नेणारी वाट, होतं. खड्डा होता, पट्टी होती, हिरवी वायर होती, सॉकेटला तिसरं भोक होतं. नव्हती ती कंटिन्युइटी.

आमच्या धंद्यात हा शब्द पाना-पक्कडीइतका हातातला आहे. ‘कंटिन्युइटी बघ’, ‘कंटिन्युइटी मिळेना’, असं दिवसभर चालतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत धातूची वाट सलग आहे का, मध्ये कुठे तुटली, गंजली, सुटली तर नाही ना, एवढंच त्यात बघायचं असतं. आयटीआयला आलेल्या पोराला पहिल्या काही दिवसांतच सिरीज लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, हातात देऊन हे शिकवतात. आणि बाहेर पडल्यावर सगळ्यात आधी तो हेच विसरतो. कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते पंखा फिरल्याचे आणि दिवा लागल्याचे. अर्थची वायर तुटलेली असली तरी पंखा फिरतोच.

घरातल्या तीन तारांचे धर्म वेगवेगळे आहेत. फेजनं करंट येतो, न्यूट्रलनं परत जातो, अर्थ फक्त बिघाडाच्या वेळी कामाला येतो. फेजची वाट हवी तेव्हा तोडता आली पाहिजे, म्हणून स्विच फेजमध्ये, फ्यूज फेजमध्ये, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) फेजमध्ये. जास्त करंट आला की फ्यूजची तार वितळलीच पाहिजे, त्यासाठीच ती घातलेली असते. न्यूट्रल आणि अर्थ मात्र एकट्यानं तुटता कामा नयेत. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच घालायचा नाही, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही लिहिलेलं होतं. तरी जुन्या घरांत लाकडी बोर्डावर दोन चिनी मातीचे कटआउट शेजारीशेजारी बसवलेले मी कितीतरी वेळा काढले आहेत, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की घरात अंधार होतो, माणूस समजतो वीज गेली, आणि फेज मात्र दिव्याच्या होल्डरपर्यंत जिवंत येऊन बसलेली असते.

आपण केलंय नेमकं उलटं. जिनं तुटायचं त्या फ्यूजमध्ये ‘सारखी उडायची कटकट नको’ म्हणून वायरच्या चार-पाच तारा पिळून घालायच्या. ती आता उडत नाही, भिंतीतली वायर जळते. आणि जिनं कधीच तुटू नये ती हिरवी वायर सॉकेटच्या मागे मोकळी सोडायची.

एक उदाहरण सांगतो. आमच्या गावातल्या एका सोसायटीत चेअरमननी मला मोठ्या कौतुकानं तीन केमिकल अर्थिंगचे खड्डे दाखवले. बिडाची झाकणं, झाकणावर पिवळ्या रंगात तारीख आणि ‘१.२ ओहम’. ओहममध्ये रोध, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा, मोजतात; जितका कमी तितकं बरं. मोजून पाहिलं तर आकडा खोटा नव्हता. तक्रार होती तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंची. फ्रिजचं दार उघडताना झिणझिण्या येतात, मुलाच्या कॉम्प्युटरच्या डब्याला पाय लागला तरी येतात. दोन मेकॅनिक येऊन फ्रिज चांगला असल्याचं सांगून गेले होते, आणि ते खरंही होतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ सलग असला की त्यांतून झिरपणारा बारीकसा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थ तुटला की डबा अधांतरी राहतो आणि त्यावर मीटरला शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. त्यानं माणूस सहसा मरत नाही, पण अर्थ तुटल्याची ती घरबसल्या मिळालेली वर्दी असते. घरातल्या सगळ्या वस्तू एकाच हिरव्या वायरीला जोडलेल्या असल्यामुळे डब्यावरचं ते व्होल्टेज तिच्यातूनच फ्रिज, वॉशिंग मशिनवरही पोचतं.

वाट शोधत खाली मीटरच्या खोलीत आलो. तिथे काही वर्षांपूर्वी मीटरच्या पेट्या बदलल्या होत्या. नवी पेटी बसवताना सगळ्या फ्लॅटच्या हिरव्या वायरी जुन्या पेटीच्या बोल्टवरून सोडवल्या, आणि पुन्हा लावायच्या राहून गेल्या. सगळ्या एकत्र पिळून, त्यांचं छान गोल वेटोळं करून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून पेटीमागे सारून ठेवलं होतं. काम करणाऱ्याचा हात सफाईचा होता, यात वाद नाही. खड्ड्याकडून येणारी पट्टी दोन फुटांवर येऊन थांबली होती. मधली वायरच नव्हती.

यात भीती दुहेरी आहे. अर्थ नुसता नसता तर एका घरातला बिघाड त्या घरापुरता राहिला असता. इथे सगळ्या फ्लॅटच्या अर्थच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या आणि जमिनीपासून मात्र तुटलेल्या. पहिल्या मजल्यावरच्या गिझरचं एलिमेंट फुटलं तर तो करंट खड्ड्यात जायच्या ऐवजी याच हिरव्या वायरींतून वरच्यांच्या फ्रिजवर, मिक्सरच्या टेबलावर, वॉशिंग मशिनवर गेला असता. ज्यांच्या घरात काहीच बिघडलेलं नाही, त्यांना शॉक. चेअरमन म्हणाले, “पण साहेब, आम्ही दर उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालतो की हो.” घालत होते, खरंच घालत होते.

जुन्या गावभागातली गोष्ट आणखी वेगळी. वाड्यांमध्ये पूर्वी अर्थची बोडकी जीआय तार, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, वायरिंगच्या लाकडी बॅटनपट्टीबरोबर खाली येऊन नळाच्या लोखंडी पाइपला क्लॅम्पनं आवळलेली असायची. सगळ्या गल्लीचे नळ लोखंडाचे आणि जमिनीत लांबवर गाडलेले, त्यामुळे ते काम बरं चालायचं. मग बाथरूमला टाइल्स लागल्या, मोरीचे पाइप बदलले, प्लॅस्टिकचे आले. प्लंबरनं क्लॅम्प काढून भंगारात टाकला किंवा उरलेल्या वीतभर लोखंडी तुकड्यावर तसाच ठेवला. त्या दिवशी त्या घराचं अर्थिंग संपलं आणि कुणालाही पत्ता लागला नाही. प्लंबरला विजेशी देणंघेणं नाही, वायरमनला कुणी बोलावलं नाही. ज्यांनी अलीकडे बाथरूम नवं केलं आहे आणि घर जुनं आहे, त्यांनी हे एवढं तरी बघून घ्यावं.

आणि आपल्याकडे पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं ते लोक विसरलेले नाहीत. पाणी ओसरल्यावर बोर्ड उघडून गाळ काढला, हेअर ड्रायरनं वाळवलं, स्विच बदलले, वीज सुरू झाली. फेज-न्यूट्रलचा सांधा खराब असला तर तो गरम होतो, ठिणग्या पडतात, वास येतो, म्हणजे तो स्वतःच ओरडून सांगतो. अर्थच्या वायरीतून एरवी करंटच वाहत नाही. तिच्या सांध्यावर हिरवट थर चढला, खालचा लोखंडी बोल्ट गंजून फुगला, तरी ती गप्प. ती खरंच जोडलेली आहे की नाही हे कळायला एकतर मुद्दाम मोजावं लागतं, नाहीतर अपघात व्हावा लागतो. पाण्यात गेलेल्या किती घरांत पुढे अर्थच्या वायरीचं रीडिंग घेतलं गेलं, हा प्रश्न आमच्या गल्लीत विचारला तर लोक माझ्याकडेच बघतात.

आता मोजण्याविषयी. यातही फसगत आहे आणि शिकलेसवरलेले लोक तिच्यात जास्त सापडतात. मल्टीमीटर बीपवर ठेवायचा, दोन टोकांना लावायचा, वाजला की ‘कंटिन्युइटी ओके’. अहो, बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत खुशाल वाजतो. आयटीआयच्या पुस्तकात अर्थच्या वायरीचा रोध खड्ड्यापासून घरातल्या कुठल्याही टोकापर्यंत १ ओहमच्या आत हवा असं शिकवतात. समजा सांधा गंजलेला आहे आणि रोध ३० ओहम आहे. मीटर वाजणार. पण गिझरची फेज बॉडीला टेकली की करंट किती वाहणार? २३० भागिले ३०, साडेसात-पावणेआठ अँपिअर. १६ ची एमसीबी तेवढ्यानं कधीच पडणार नाही. गिझर करंट घेऊन तसाच उभा, आणि खाली ओल्या फरशीवर माणूस.

दुसरं असं, की मीटर तपासणीसाठी जो करंट सोडतो तो मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे नगण्य. सात तारांच्या वायरीतल्या सहा तुटल्या आणि एक लोंबतेय, तरी मीटर शून्याच्या जवळचाच आकडा दाखवील. खरा बिघाड होऊन शंभर-दोनशे अँपिअर आले की ती एकटी तार फ्यूजसारखी उडून जाईल. म्हणून मी पोरांना सांगायचो, आधी डोळ्यांनी बघा, बोटांनी ओढून बघा, मग मीटर लावा. रीडिंग घेताना अर्थच्या बसबारपासून, म्हणजे सगळ्या अर्थच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या पट्टीपासून, खोलीपर्यंत जी लांब वायर ओढता तिचा रोधही वजा करा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीस मीटर घेतली तर तिचाच रोध सुमारे ०.३६ ओहम भरतो. हे वजा न करणारा एक, आणि हे माहीत असल्यामुळे काहीच न मोजता अंदाजानं ०.५ लिहिणारा दुसरा. दुसरा जास्त घातक.

सिरीज लॅम्पची पद्धत जुने वायरमन अजून वापरतात. शंभर वॉटचा दिवा फेज आणि न्यूट्रलमध्ये लावायचा, मग फेज आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे सारखाच लख्ख पेटला तर ठीक, मंद पेटला तर अर्थमध्ये खोट. पद्धत चांगली, पण वाचकांनी ती घरी करू नये. अर्थ वर कुठे तुटलेला असेल तर दिव्यातून गेलेली फेज त्या तुटक्या वायरीवर, म्हणजे घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंवर जाऊन बसते. तपासायला गेला आणि बायकोला फ्रिजचा शॉक बसला, असं होऊ शकतं. मेन बंद करून ओहममध्ये मोजणं हाच शहाणपणा.

सॉकेट बदलण्याच्या साध्या कामात कंटिन्युइटी कशी जाते तेही सांगतो. एका बोर्डातून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अर्थची वायर जाते. आलेली आणि गेलेली अशा दोन्ही वायरी सॉकेटच्या एकाच स्क्रूखाली दाबलेल्या असतात. जळकं सॉकेट काढलं की दोन्ही सुटतात. घाईत एकच परत लागते. हे सॉकेट ठीक, पुढचे सगळे बोर्ड अर्थाविना. म्हणून दोन्ही वायरी आधी एकमेकींत पक्क्या पिळायच्या आणि सॉकेटला फक्त तिसरा तुकडा द्यायचा. सॉकेट काढलं तरी पुढची वाट चालू राहिली पाहिजे. आमच्याकडची पोरं बहुतेक खेड्यातली. त्यांना मी अखंड हरिनाम सप्ताहातल्या वीणेचं सांगायचो. पहारा बदलतो, पण पुढच्यानं वीणा गळ्यात घेतल्याशिवाय आधीचा ती सोडत नाही. थ्री पिनमधली अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते ती याच कारणानं. घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. जाड असते ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून. सप्ताहाचं उदाहरण पोरांच्या एका दमात डोक्यात बसायचं. आणि तीच पोरं पुढे गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर पक्कडीनं ती लांब पिन कापून टू पिनमध्ये घालून द्यायची, ते निराळं.

न्यूट्रलबद्दल थोडक्यात. खांबावर तीन फेजना मिळून एक न्यूट्रल असतो. तो तुटला किंवा त्याचा सांधा सुटला की आपल्या घरातले २३० व्होल्ट आपल्या हातात राहत नाहीत. दोन फेजवरची घरं एकमेकांच्या मालिकेत येतात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्याच्या घरी गिझर आणि इस्त्री चालू आहे त्याचा दिवा मंद होतो, ज्याच्या घरी फक्त टीव्ही चालू आहे त्याचा टीव्ही जळतो. लोक म्हणतात ‘व्होल्टेज वाढलं’. व्होल्टेज कुणी वाढवलेलं नसतं. वर न्यूट्रलची कंटिन्युइटी गेलेली असते. अशा वेळी दिवे अचानक जास्त लख्ख झाले तर आधी मेन स्विच बंद करावा, मग फोन करावा.

कुणी म्हणेल, आता आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे, अर्थ कशाला हवा? आरसीसीबी हवीच. नुसत्या खड्ड्याच्या भरवशावर राहता येत नाही. खड्डा ५ ओहमचा आणि वायर अगदी सलग असली तरी २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर, आणि ३२ ची मेन एमसीबी तेवढ्यावर झटकन पडत नाही, कितीतरी वेळ लागू शकतो. तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी क्षणात तोडते. पण अर्थ तुटलेला असेल तर ती कधी पडणार? बिघाड झाला तेव्हा नाही, कारण गळतीला जायला वाटच नाही. कुणीतरी त्या गिझरला हात लावेल, करंट त्याच्या अंगातून जमिनीत जाईल, तेव्हा ती पडेल. अर्थ सलग असेल तर बिघाड होताक्षणी पडते, माणूस तिथे नसतानाच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा पोराच्या अंगातून कंटिन्युइटी तपासून घ्यायची आहे का, एवढंच मी विचारतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत अलीकडे दर वर्षी देशात विजेच्या धक्क्यानं १२,००० हून जास्त माणसं गेल्याची नोंद असते. त्यांत लोंबत्या तारांचे बळी आहेत, शेतातल्या उघड्या पेट्यांचे आहेत, तारेवर आकडा टाकून वीज घेण्याचे आहेत. त्या सगळ्यांचा उपाय घरातली हिरवी वायर नाही, हे मला कळतं. पण घरातल्या अपघातांपुरतं बोलायचं तर नवीन मीटर घेताना लायसनदार कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यात इन्सुलेशन किती, अर्थ किती, हे आकडे लिहायचे असतात. माझ्या स्वतःच्या घराचा रिपोर्ट जागेवर पाऊल न टाकता भरून आला होता. मी आकड्यांकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “सर, तुम्ही स्वतःच वायरिंग केलंय म्हटल्यावर बघायचं काय?” माझा मान ठेवला त्यांनी. तसा मान सगळ्यांचाच ठेवत असणार.

सोसायट्यांच्या वार्षिक सभेत लिफ्टचा करार असतो, टाक्या धुण्याचा असतो, खड्ड्यांची देखभालही असते. त्यात एक ओळ वाढवा : मीटरच्या खोलीतल्या अर्थच्या पट्टीपासून प्रत्येक फ्लॅटच्या एका सॉकेटपर्यंतचं रीडिंग, ओहममध्ये, तारखेसह. दोन माणसं, एक चांगला मीटर आणि एक लांब वायर लागते, दुसरं काही नाही. शाळांनी पाण्याच्या कूलरचं घ्यावं. गणेश मंडळांनी मंडपाच्या लोखंडी सांगाड्याचं घ्यावं. कमानीचा प्रत्येक पाइप पुढच्याला रंगावरून क्लॅम्प केलेला असतो, आणि ऑइलपेंटमधून वीज जात नाही.

आपल्याला एक विनंती. अशा अपघातांची चौकशी वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकांकडे जाते आणि त्यांचा अहवाल होतो. बातमी येते ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, ‘प्राथमिक अंदाजा’सह. नंतरचा अहवाल आपल्या पानावर मी फार क्वचित वाचला आहे. आपल्या वार्ताहरांनी महिना-दोन महिन्यांनी जाऊन तो मागावा आणि चार ओळी छापाव्यात : अर्थची वायर होती का, असल्यास कुठे तुटली होती, रीडिंग काय आलं. आमच्यासारखी म्हातारी माणसं ती कात्रणं कापून आयटीआयच्या फळ्यावर लावतील.

ता.क. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबावं, ती पडली पाहिजे. पण पडली म्हणून अर्थिंग ठीक, असं समजू नये. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्येच खोटी गळती तयार करतं. बाहेरच्या हिरव्या वायरीला ते विचारतसुद्धा नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (तारतंत्री), सांगली